चिन्याचं धान

कार्तिक लागला की भिलाईतल्या नेहरू नगरच्या आमच्या गॅलरीत सकाळी एक वास येतो. हमरस्त्यावरच्या ट्रकांचा धूर आणि कोचिंग क्लासला निघालेल्या पोरांच्या स्कूटरींचं पेट्रोल, या दोन्हींच्या खालून तो येतो. कुठंतरी, अजून प्लॉट न पडलेल्या एखाद्या शेतात धान कापलेलं असतं. ओल्या पेंढ्याचा किंचित आंबूस, किंचित गोड वास. घरात बाकी कोणाला तो येत नाही. मुलगा म्हणतो, "आई, इथं आता शेत कुठंय? वहम है तेरा." मी वाद घालत नाही. नाकाला जे आठवतं ते कोणाला पटवून देता येत नाही.

यंदाच्या कार्तिकात माझ्या गुडघ्याला व्यायाम द्यायला रुआती नावाची मुलगी येते. मिझोरामची. हातानं मऊ, पण कामात कडक. माझा पाय वाकवता वाकवता इकडचं तिकडचं बोलत राहते. परवा सहज विचारलं, इथं करमतं का तुला? ती म्हणाली, "अभी ठीक है, आंटी. बीमारी वाले साल में मुश्किल था. नीचे दूधवाला मेरे हाथ से पैसे नहीं लेता था. बोलता था, चाइना वाली है."

"मग तू काय म्हणालीस?"

"क्या बोलती? कितनों को नक्शा दिखाऊँ?" ती हसली आणि म्हणाली, "पैर सीधा रखिए."

मी पाय सरळ ठेवला. पण मन वाकलं आणि थेट मरोदा गावाच्या तळ्यापलीकडच्या दोन बांध्यांत, धानाच्या इवल्या शेतांत, जाऊन उभं राहिलं. बासष्टचा कार्तिक. धान पिकून पिवळं पडलेलं, आणि कापायला कोणी नाही.

*

त्या काळातल्या भिलाईत जो तो कुठून तरी आलेला होता. आम्ही भंडाऱ्याकडचे. बाबा धानाची शेती भावांवर सोडून पोलादाच्या प्लँटच्या बांधकामावर आले, आणि पुढे तिथल्याच, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये लागले. शेजारी आंध्रचे, समोर केरळचे, मागच्या ओळीत पंजाबी. लाल मातीत नुकते उभे राहिलेले क्वार्टर, अंगणात झाड नाही, रस्त्याला सावली नाही. दुपारी वारा सुटला की सगळ्यांच्या दोरीवरचे कपडे सारखेच लाल व्हायचे. "कहाँ के हो?" हा तेव्हा ओळखीचा पहिला प्रश्न होता. त्यात चौकशी होती, चौकीदारी नव्हती. उत्तर ऐकून लोक म्हणायचे, "अरे वा, इतनी दूर से!"

सगळ्यांत दुरून आलेले म्हणजे प्लँट उभारून देणारे रूसी. त्यांचा मान मोठा. बाजारात रूसी बाई आली की भाजीवाली तिच्यासाठी टोपलीतले चांगले टमाटे वेगळे काढायची. दुकानदार त्यांचे दोन-चार शब्द शिकले होते आणि येता-जाता "खराशो, खराशो" करत, म्हणजे छान, छान. बाबांच्या पाळीत कोल्या नावाचा एक वेल्डर होता. लाजाळू, लालबुंद, उन्हानं सोललेल्या नाकाचा. रशियाचा माणूस आभाळात जाऊन पृथ्वीला फेरी मारून आला, ही बातमी पोचली त्या दिवशी पाळी सुटताना लोकांनी या कोल्याला धरलं, खांद्यावर घेतलं आणि गेटपर्यंत मिरवत नेलं. तो वरून दोन्ही हात हलवून सांगत होता, "मैं नहीं! मैं नहीं!" कोण ऐकतो? बाबा घरी येऊन हसत सांगत होते, "बिचारा शिडीवर चढाले भेते. अन् त्याले लोक इमानवाला समजून राहिले."

आम्ही सगळे खूप हसलो होतो. त्यात वाईट काहीच नव्हतं. प्रेमच होतं ते. फक्त ते कोल्यावरचं नव्हतं.

*

वाँग मिस्त्रीलाही तसंच प्रेम मिळालं होतं, काही वर्षं आधी.

तो सुतार होता. जन्म कलकत्त्यातला, बापही तिथंच सुतारकाम करायचा. पायाच्या काँक्रीटला लागणाऱ्या लाकडी फळ्या ठोकणाऱ्या ठेकेदाराबरोबर तो भिलाईत आला. ठेका संपला, ठेकेदार गेला, हा राहिला. मरोद्याच्या कडेला टिनाचं छप्पर घालून त्यानं दुकान मांडलं. सेक्टरमधल्या निम्म्या घरांतल्या खाटा, पाट, पोळपाट त्याच्या हातचे. पोरं त्याला "वांगं मिस्त्री" म्हणून चिडवायची. आईला ते खपायचं नाही. "माणसाले वांगं म्हणाव का कोनी?" असं म्हणून तिनं त्याचं वामनभाऊ करून टाकलं. तोही त्या नावाला 'ओ' देऊ लागला. आईला तो बंगाली धाटणीनं "बौदी" म्हणायचा. वहिनी.

'हिंदी-चीनी भाई-भाई'चे दिवस होते ते. एकदा गणपतीच्या मांडवात कोणा पुढाऱ्याच्या भाषणाआधी वामनभाऊला हाताला धरून स्टेजवर नेलं आणि गळ्यात हार घातला. चहावाला त्याच्याकडून चहाचे पैसे घेईना. हार घालून तो आमच्याकडे आला, तेव्हा संकोचानं मान वर करत नव्हता. आईनं विचारलं, "कावून भाऊ, आनंद नाई झाला?"

"बौदी, हम तो चीन देखा ही नहीं," तो म्हणाला. "हार लेकर क्या बोलूँ? वो लोग समझता है हम उधर से कुछ लाया."

त्याची बायको सुकवारो. इथलीच, छत्तीसगडी. बांधकामावर डोक्यावरून गिट्टी वाहायची, तिथं यांची गाठ पडली. तिच्या बापाचं, बुधराम बाबाचं, गाव प्लँटमध्ये गेलं होतं. शेत गेलं, घर गेलं, देवाचा चौथराही गेला. मरोद्याच्या पलीकडे दोन बांध्या तेवढ्या उरल्या. आज जिथं भट्ट्या पेटतात तिथल्या मातीवर आमच्यापैकी कोणाचा हक्क सांगायचाच झाला, तर तो सुकवारोचा होता. बाकी आम्ही सगळेच पाहुणे. दर कार्तिकात वामनभाऊ रंधा बाजूला ठेवून सासऱ्याचं धान कापायला जायचा. त्याला विळा धरता यायचा नाही नीट. गावच्या बाया हसायच्या, तोही हसायचा. पण कापायचा.

*

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर लढाई सुरू झाली.

रेडिओ ज्यांच्याकडे होता त्यांच्या दाराशी संध्याकाळी माणसं जमू लागली. बातम्या वाचणाऱ्याचा आवाज जड असायचा, आणि ऐकणाऱ्यांत कोणी कोणाकडे बघायचं नाही. हिमालयातल्या ज्या गावांची नावं आम्ही कधी ऐकली नव्हती, ती एकेक करून पडत होती. दिवाळीत दिवे लागले, फटाके नाहीत. बाया एकत्र बसून जवानांसाठी लोकर विणत होत्या. आईही विणत होती. तिला मोज्याची टाच जमायची नाही, उसवून उसवून पुन्हा घालायची. पंजाब्यांच्या घरचा एक मुलगा तिकडे होता. त्याची आई विणता विणता थांबायची, आणि सगळ्यांच्या सुया थांबायच्या.

राग खरा होता, दुःखही खरं होतं. ते कुठं ठेवायचं हे कोणाला कळत नव्हतं. सीमा हजारो कोस लांब. हाताशी एकच चिनी होता.

'चिनी भाई'मधला भाई गळून पडला. आधी गिऱ्हाईक आटलं. मग अर्धवट झालेल्या कामाची माणसं लाकूड परत न्यायला आली. एका सकाळी दुकानाचे टिन पाडलेले दिसले, पाटाच्या फळ्या चिखलात. ज्या चहावाल्यानं एकेकाळी पैसे घेतले नव्हते, त्यानं आता पैसे पुढे केले तरी कप दिला नाही. ठाण्यावरून माणूस आला आणि सांगून गेला की दर आठवड्याला हजेरी लावायची, विचारल्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. वामनभाऊ घरातच बसू लागला. सुकवारो गरोदर होती, पोट चांगलं दिसू लागलं होतं. तळ्यावर पाण्याला गेली की बाया घागर उचलून बाजूला सरकायच्या. तिच्याच गावच्या बाया. "चीनन आ गे," म्हणायच्या. चिनीण आली.

ती आईजवळ येऊन बसली त्या दिवशी रडली नाही. एवढंच म्हणाली, "दीदी, मैं तो इहेंच के आंव." मी तर इथलीच आहे.

मग तिनं धानाचं सांगितलं. धान पिकून गेलं होतं. बुधराम बाबाचे हात थरथरायचे, तिला वाकता येत नव्हतं, वामनभाऊनं शेतात पाऊल ठेवायची सोय नव्हती. गावातलं कोणी मजुरीलाही येईना. चिन्याच्या सासऱ्याचं धान. आणखी थोडे दिवस, की दाणा झडून मातीत.

धान झडणं म्हणजे काय, हे आईला सांगावं लागत नव्हतं. ती धानाच्या शेतातलीच पोर होती. तिनं मोजा खाली ठेवला.

*

बाबांनी आधी ऐकूनच घेतलं नाही.

"तुले समजते का?" ते म्हणाले. "उद्या गेटवर कोनी म्हनन का हा चिन्याचा माणूस हाये, मंग? मले नोकरी हाये. शेती सोडून आलो इथं, वापस जाऊन भावाईले काय सांगू?"

"मी कोनाची बाजू घेऊन नाई राहिली," आई म्हणाली. "धान झडून राहिलं."

"झडू दे!"

हा शब्द बाबांच्या तोंडातून गेला. आमच्या घरात कोणी कधी असं म्हटलेलं नव्हतं. कोणाच्याच धानाबद्दल. ते उठून बाहेर गेले, आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत.

आई शांताबाईकडे गेली. शांताबाई मागच्या ओळीत राहायच्या, नवरा रेल्वेत. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा त्या तान्ह्या पोराला घेऊन तिथं उभ्या होत्या, आणि घरात तथागताच्या फोटोजवळ त्या दिवसाचं पांढरं लुगडं घडी करून ठेवलेलं असायचं. आईला वाटलं होतं की त्यांना समजावून सांगावं लागेल. शांताबाईंनी अर्ध्यातच हात वर केला.

"आमचं नाव आयकलं का लोक आदी जात शोधत, मंग माणूस. याचं नाव आयकलं का आदी देश शोधते. चाल बाई, इळा हाये का तुह्याकडं?"

आईकडे नव्हता. क्वार्टरमध्ये विळा कशाला असेल? शांताबाईंकडे दोन होते.

मला त्यांनी पाण्याची कळशी घेऊन बरोबर नेलं. दव होतं. बांधावरच्या गवतानं पाय भिजले. तळ्यापलीकडे प्लँटच्या चिमण्या धुरकट दिसत होत्या, आणि त्यांच्या पायथ्याशी या दोन बांध्या, इतक्या लहान की कोणी विसरून ठेवल्यासारख्या. आईनं पदर खोचला आणि पहिली मूठ धरली. मी तिला तोवर कधी शेतात पाहिलं नव्हतं. सेक्टरमध्ये ती दबून चालायची, बाजारात हिंदी बोलताना अडखळायची. इथं तिची पाठ वाकली आणि विळ्याचा खर्र खर्र आवाज सुरू झाला, तशी ती वेगळीच कोणी झाली. कापलेल्या धानाच्या ओळी मागे पडत होत्या. आई त्यांना कडपा म्हणायची. बुधराम बाबा त्या गोळा करून पेंढ्या बांधायचा. सुकवारो बांधावर बसून पेंढ्या बांधायचे आळे, गवताचे दोर, वळून देत होती.

ऊन वर आलं, तशी गावातली माणसं पलीकडच्या बांधावर जमली. नुसती बघत राहिली. मग एक जण ओरडला, "चीनी के धान ला झन लुवव, बाई हो!" चिन्याचं धान कापू नका.

बुधराम बाबा ताठ उभा राहिला. "मोर धान ए!" तो म्हणाला. "मोर ददा के भुइयां ए!" धान माझं, भुई माझ्या बापाची. आवाज फाटला होता. बहुतेक तिकडे पोचलाही नसेल.

शांताबाईंनी मान वर न करता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "धानाले काय मालूम राजा, त्याचा जवाई कोन्या देशाचा हाये ते!"

मराठी त्यांना किती कळली कोण जाणे. एक ढेकूळ येऊन कडपांवर पडलं, फुटलं. आई थांबली नाही. मी कळशी घट्ट धरून बसले होते. अजून आठवतं, भीतीपेक्षाही मला नवल वाटत होतं. ही माणसं बुधराम बाबाला काका म्हणत होती. त्याच्या घरी सणाला जेवली होती. तो काही बदलला नव्हता.

त्यांच्यातलं कोणी मदतीला उतरलं नाही. पण दुसरं ढेकूळही आलं नाही. हळूहळू माणसं पांगली. आई आणि शांताबाई रोज सकाळी जात राहिल्या, घरची कामं उरकून. शेवटची पेंढी खळ्यावर पोचली तेव्हा आईच्या तळव्यांना फोड आले होते. त्याच हातांनी ती संध्याकाळी जवानाचा मोजा विणायला बसली. या दोन कामांत तिला कसलाही विरोध दिसत नव्हता. बाबा कोपऱ्यातून तिच्या हातांकडे बघत होते.

*

लढाई थांबली. रेडिओनं सांगितलं, लोकांनी सुस्कारा सोडला. आता वामनभाऊचंही निवळेल असं आईला वाटलं. पण त्यानंतरच त्याला सांगण्यात आलं की कारखान्याजवळ राहता येणार नाही, कलकत्त्याला निघून जावं. वरून आलेला हुकूम. सांगायला आलेला शिपाईही खाली बघत होता. सुकवारोला तो म्हणाला, "तू तो यहीं की है. तुझे जाने की जरूरत नहीं."

गावातल्या मोठ्या माणसांनीही तेच सांगितलं. त्याला जाऊ दे, तू राहा. तुला कोणी काही म्हणणार नाही. म्हणजे तिला पुन्हा इथली होता येणार होतं, एक माणूस सोडला की. ती ऐकून घेत होती. मग घरात गेली आणि गाठोडं बांधू लागली. बुधराम बाबानं दाराशी बसून तिला नव्या धानाचे पोहे कांडून दिले. आपल्या हातानं.

निघायच्या दिवशी सामान न्यायला कोणी तयार होईना. शांताबाईंच्या नवऱ्यानं ओळखीची एक सायकलरिक्षा आणली, तीत सुकवारो आणि गाठोडी मावली. वामनभाऊच्या हत्यारांची लाकडी पेटी तेवढी उरली. जड होती. करवती, रंधे, पटाशा. त्यांच्याशिवाय तो कलकत्त्यात करणार काय?

बाबा पाळीवरून आले. डोक्यावर हेल्मेट, अंगावर रेल मिलचे कपडे. आईनं पाणी दिलं आणि पेटीचं सांगितलं, नुसतं सांगायचं म्हणून. बाबा पाणी प्याले. तांब्या ठेवला, आणि कपडे न बदलता सायकल काढली.

"कुठी चालले?" आईनं विचारलं.

"येतो."

त्यांनी ती पेटी सायकलच्या कॅरियरला बांधली. मागच्या वाटेनं जाता आलं असतं. ते बाजारातून गेले. भर दुपारी, सायकल हातात धरून, चालत. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला पेटीला हात लावून वामनभाऊ. मागे रिक्षा, रिक्षेमागे आई, शांताबाई आणि मी. दुकानांतली बोलणी थांबत होती. पाळीतला एक ओळखीचा माणूस समोर आला, वामनभाऊकडे बघून थबकला आणि बाबांना म्हणाला, "काय भाऊ, कुठी?"

"पाहुण्याले सोडाले," बाबा म्हणाले.

भिलाईच्या पॉवर हाउस स्टेशनावर गाडी थोडाच वेळ थांबायची. पेटी आत चढवली. वामनभाऊनं बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. मग तोही आत चढला. गाडी हलली. सुकवारो खिडकीतून आमच्याकडे बघत नव्हती. ती आमच्यामागच्या शेतांकडे बघत होती.

पुढे एकदा आईनं बाबांना विचारलं, "तवा भेव नाई वाटला?"

"वाटला," बाबा म्हणाले. "सायकल धरून होतो, म्हणून हात कापाचे दिसले नाई."

कारखान्यात त्यांना कोणी काही विचारलं नाही. काही घरांनी त्या संक्रांतीला आईला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. पुढच्या संक्रांतीला बोलावलं.

*

या गोष्टीला आता आयुष्य लोटलं. ज्या देशाचा माणूस म्हणून कोल्याला खांद्यावर घेतलं होतं, तो देशही मध्ये मोडला. त्यानंतर कधीतरी एक म्हातारा रूसी जुन्या कामाच्या आठवणीनं भिलाई बघायला आला होता. बाजारात रिक्षावाल्यानं त्याला हटकून म्हटलं, "अब तो तुम्हारे यहाँ ब्रेड के लिए लाइन लगती है ना?" तो हसला. बहुधा शब्द कळले नसतील, सूर कळला असेल. मला तेव्हा वाटलं, माणूस घरातून एकटाच निघतो, पण परक्या गावात पोचतो तेव्हा त्याच्या आधी त्याचा देश पोचलेला असतो. उरलेल्या जागेत त्याला उभं राहावं लागतं. कधी ती जागा स्टेजवर असते, कधी चिखलात. दोन्ही वेळा माणूस तोच.

रुआतीला मी हे सगळं सांगितलं नाही. इतकंच म्हटलं, तुझ्या गावाकडे धान होतं का? ती एकदम खुलली. डोंगरउतारावरची शेती, कापणीला सगळं गाव कसं जमतं, आजी कापताना काय गाते, सांगत बसली. त्या दिवशी व्यायाम अर्धाच झाला.

सुकवारो पुन्हा एकदाच आली, बऱ्याच वर्षांनी, बुधराम बाबा गेला तेव्हा. बरोबर मुलगी होती. बापाचे डोळे, आईची चाल. वामनभाऊ तोवर कलकत्त्यातच वारला होता. दहाव्याला मरोद्याच्या तळ्यावर बाया जमल्या. मी आईला धरून घेऊन गेले होते. लढाई लोक विसरून गेले होते, किंवा तिचा राग तरी. ज्या बाया घागर उचलून सरकल्या होत्या, त्याच आता सुकवारोच्या गळ्यात पडून रडत होत्या, तिच्या मुलीच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. रडणंही खोटं नव्हतं. एक म्हातारी तिच्याजवळ बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "तोर आदमी घलो बने मनखे रहिस ओ." तुझा नवराही चांगला माणूस होता गं.

सुकवारो ओलं लुगडं पिळत होती. तिचे हात थांबले. म्हातारीकडे तिनं रागानं पाहिलं नाही, पण नजर हलवलीही नाही.

"तब घलो बने रहिस," ती म्हणाली. तेव्हाही चांगलाच होता.

ती पुन्हा लुगडं पिळू लागली.